मॅच जिंकली, मग रुग्णवाहिका सेवेची गाडी का फोडली?

७ जुलै २०१८. फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडने स्वीडनला २-० ने हरवलं आणि २८ वर्षांनी सेमीफायनल गाठली. लंडनच्या बरो भागात चाहते रस्त्यावर उतरले. काही जण तर रुग्णवाहिका सेवेच्या गाडीवर चढून नाचले. गाडीची मोडतोड झाली, ती सेवेतून काढावी लागली. म्हणजे शहरातल्या रुग्णांसाठी एक गाडी कमी.

इंग्लंडमध्ये मॅच बघताना दारूवर बंदी नाही का?

आहे, पण स्टेडियममध्ये. १९८५ च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही. बाहेरच्या मोठ्या स्क्रीनसमोर हा नियम लागू नाही. म्हणून तिथे हातात बिअरचा ग्लास असतो आणि गोल झाला की तीच बिअर हवेत उडते.

हा धिंगाणा रस्त्यावरच संपतो का?

नाही. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० च्या वर्ल्ड कपच्या काळातली लँकेशायर पोलिसांची आकडेवारी तपासली. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. जिंकलं किंवा बरोबरी झाली, तरी २६ टक्क्यांनी.

त्यामुळे मॅचच्या दिवशी फक्त चौकात बंदोबस्त लावून भागत नाही.