चुना, लोखंड आणि गांधीलमाशी

गांधीलमाशी चावली की घरात पहिली शोधाशोध होते ती चुन्याच्या डबीची. एरवी सगळ्यांची बोलणी खाणारा तंबाखूवाला त्या क्षणी घरातला सर्वांत उपयोगी माणूस ठरतो. तेवढ्यात कुणी लोखंड घासायला सांगतं, कुणी कांदा चिरायला घेतं, कुणी तुळशीकडे धावतं. यांतलं काय खरंच लागू पडतं?

चुन्यामागचा तर्क शाळेत शिकलेला आहे. डंख आम्लधर्मी, चुना आम्लारिधर्मी, दोघं एकत्र आले की उदासिनीकरण. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही मधमाशीच्या डंखावर खायचा सोडा लावावा असं दिलेलं आहे. तर्क सुबक आहे, पण विषाशी त्याची गाठ पडत नाही. मधमाशीचं विष आम्लधर्मी असतं खरं. त्याचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो. गांधीलमाशीचं विष मात्र जवळजवळ उदासीन असतं. म्हणजे तिच्यासाठी चुनाही नको आणि व्हिनेगरही नको. त्यात मधमाशी एका डंखात जेवढं विष सोडते ते वाळवून तोललं, तर मिलिग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा भरेल. ते कातडीच्या खाली उतरलेलं असतं आणि आपण वरून लेप थापत बसतो.

मुळात दुखतं ते आम्लामुळे नव्हे. मधमाशीच्या वाळवलेल्या विषात सुमारे निम्मा वाटा मेलिटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचा असतो. ते पेशींच्या आवरणांना भोकं पाडतं आणि वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंना डिवचतं. त्याला चुन्याने फरक पडत नाही. कातडीला मात्र पडतो, कारण ओल्या चुन्याचा सामू बाराच्या वर असतो. नाजूक त्वचा त्याने भाजते, आणि डंख पापणीजवळ असेल तर चुना डोळ्यात जाण्याचा धोका डंखापेक्षा कितीतरी मोठा.

मधमाशी चावल्यावर खरा उपाय पहिल्या काही सेकंदांत असतो. तिच्या नांगीला उलटे काटे असतात. ती उडते तेव्हा नांगी, विषाची पिशवी आणि ती दाबणारे स्नायू आपल्या कातडीतच राहतात, आणि ते स्नायू माशीविनाही पंपाचं काम चालू ठेवतात. पहिल्या वीस सेकंदांत जवळपास सगळं विष आत जातं. नांगी चिमटीत धरू नये, नखाने किंवा कार्डाने खरवडून काढावी, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकी संशोधकांनी तो तपासून पाहिला. कशीही काढली तरी गांधीच्या आकारात फरक नव्हता. उशीर केला तर मात्र होता. तेव्हा कार्ड शोधत बसण्यापेक्षा हाताला येईल तशी उपटून टाकावी. गांधीलमाशी नांगी सोडून जात नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. ती पुन्हा चावू शकते, तो वेगळा प्रश्न.

गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नांगीजवळून आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन हवेत पसरतं. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. आपल्याला तो गोड वाटेल. पोळ्यातल्या इतर माश्यांना तो हल्ल्याचा इशारा असतो. आग्यामोहोळाखाली एकाला डंख बसला की पाठोपाठ दहा बसतात ते यामुळे. तिथे उभं राहून उपचार करू नयेत. आधी तिथून लांब पळावं, नांगी पळतापळताच काढावी.

आता लोखंड. लोखंडात औषधी असं काही नसतं, पण ते उष्णता चटकन ओढून घेतं. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी चढते आणि चेतातंतू संदेश सावकाश पाठवतात. आजीचा उपाय बरोबर होता. फक्त चावी किंवा विळीचं पातं मिनिटभरात कोमट होतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरला तर तेच काम चोख होतं. पुदिन्याचा अर्क घातलेला बाम थोडी फसवाफसवी करतो. थंडी ओळखणारा टीआरपीएम8 नावाचा जो ग्राही आपल्या चेतातंतूंवर असतो, तोच पुदिन्यातल्या मेंथॉललाही प्रतिसाद देतो. कातडी गार होत नाही, मेंदूला मात्र गार वाटतं. हा ग्राही 2002 साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी स्वतंत्रपणे शोधला. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. डंखावर टूथपेस्ट लावणाऱ्यांना आराम पडतो तो बहुधा त्यातल्या मेंथॉलमुळे.

डासाची गोष्ट निराळी. त्याची मादी रक्त गोठू नये म्हणून लाळ सोडते, आणि त्या लाळेतल्या प्रथिनांना आपलं शरीर परकं मानून हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतं. खाज ही आपलीच करणी. खाजवलं की थोडा वेळ बरं वाटतं, कारण नखांची बारीक वेदना खाजेला दाबते; मग कातडी आणखी चिडते. इथेही बर्फ, कॅलामाइन किंवा सोड्याचा पातळ लेप चालतो. कोरफडीचा गरही चालेल, तो गार असतो म्हणून.

हळदीविषयी मात्र भाबडेपणा नको. त्यातल्या कर्क्युमिनचा दाहविरोधी गुण प्रयोगशाळेत दिसतो, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि कातडीत फारसं शिरत नाही. जखमेवरच्या हळदीच्या वापरावर अमेरिकेत 1995 साली दिलेलं पेटंट 1997 साली रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं होतं. तो विजय आपण अजून मिरवतो, आणि मिरवावाच. पण भांडण हे ज्ञान नवं की जुनं यावर होतं. हळद किती गुणकारी, हा मुद्दा तिथे नव्हता.

साबण-पाण्याचं मात्र कुणी कौतुक करत नाही. आंब्यावर पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या चावून त्यावर फॉर्मिक आम्ल फवारतात. यातलं बरंचसं वरच असल्याने ते धुऊन निघतं. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा केशरी-काळा, मुंगीसारखा सडपातळ भुंगेरा तर चावतही नाही. अंगावर चिरडला की त्याच्यातलं पेडरिन नावाचं विष कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी लाल पट्टा उठतो, फोड येतात. लोक म्हणतात, ‘कोळी मुतला’. कोळी बिचारा निर्दोष. किडा फुंकून उडवावा आणि जागा लगेच साबणाने धुवावी.

हे सगळे उपाय एका जागच्या सुजेपुरते. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असते. तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं, तेही काही मिनिटांत. घशात डंख बसला किंवा एकाच वेळी खूप माश्या चावल्या, तरी थेट रुग्णालय गाठावं.

आणि काही चावे दुखतही नाहीत, खाजतही नाहीत. गोचीड त्यातली. 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले, तो तापही गोचिडीच पसरवतात. अंगावर गोचीड दिसली तर तेल, रॉकेल, जळती काडी यांच्या फंदात पडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, जागा साबणाने धुवावी, आणि पुढच्या पंधरवड्यात ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं.