आनंदाची दावत : देखावा की दस्तरखान?

घरात आनंदाची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच असतो, 'दावत कधी?' पूर्वी याचं उत्तर स्वयंपाकघरात असायचं. बिर्याणीची देग चढायची, शेजाऱ्यांकडे झाकलेली ताटं जायची, गच्चीवर दस्तरखान पसरायचा. आता उत्तर मोबाइलवर शोधलं जातं. हॉटेल उंचावर हवं आणि तिथून शहर दिसायला हवं. यात गैर काही नाही. घरातल्या बायकांनाही एक दिवस चुलीपासून सुट्टी हवीच. पण एवढा पैसा मोजून आपण नेमकं काय घरी आणतो, हे विचारायला हरकत नाही.

माझ्या बहिणीच्या लेकीला नोकरी लागली. पहिल्या पगारातून नाना-नानींना जेवायला न्यायचं, हे तिनं शिकत असतानाच ठरवलं होतं. तिनं निवडलेलं हॉटेल मुठेच्या काठी, एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होतं. काचेतून नदी दिसत होती आणि पलीकडे नारायण पेठेची दाटी. माझ्या अब्बांची सारी नोकरी त्याच पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून गेली. टिळकांचा केसरीवाडा ज्या पेठेत आहे, तिथं खिळे जुळवल्याचा त्यांना आजही अभिमान आहे.

काचेपाशी उभं राहून ते नातीला सांगू लागले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, वाडे कोसळले. पाणी ओसरल्यावर गाळातून वाट काढत ते आपल्या वडिलांचा हात धरून... पण पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. डोक्यावरच्या स्पीकरचा आवाज कमी करायला दोनदा सांगितलं, दोनदा मान हलली, आवाज तेवढाच राहिला. अब्बा हसले आणि खुर्चीत येऊन बसले.

मटण हलाल आहे का, या प्रश्नावर उत्तर आलं, 'असेल मॅडम.' 'असेल' हे काही उत्तर नव्हे. मग सगळ्यांनी पनीर, डाळ आणि भाज्या मागवल्या. चाळीस मिनिटांनी आलेलं जेवण कोमट होतं. अम्मीनं दोन घास खाऊन 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटलं आणि पाणी प्यायली. नातीचा चेहरा उतरू नये म्हणून कुणीच काही बोललं नाही, आणि नेमकं त्यामुळेच तिला सगळं कळलं.

बिलात दहा टक्के सेवाशुल्क होतं. ते कमी करायला सांगितल्यावर मॅनेजर म्हणाले, 'हे सगळ्यांनाच लागतं.' अम्मी हळूच म्हणाली, 'जाऊ दे बेटा, जेवणाला नावं ठेवू नयेत.' अम्मीचं म्हणणं खरंच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं, असं हदीसमध्ये आहे. पण अन्नाचा आदर वेगळा आणि व्यवहारातला चोखपणा वेगळा. मापात खोट करणाऱ्यांना ताकीद देणारी सूरह अल-मुतफ्फिफीन त्याच कुरआनात आहे. आवाज न चढवता विचारणं ही बेअदबी नव्हे. आम्ही विचारत राहिलो आणि शेवटी रक्कम वगळली गेली.

हा नियम प्रत्येक घराला माहीत असावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सेवाशुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानंही घेता येत नाही. ते द्यायचं की नाही, हे ग्राहकानं ठरवायचं. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. जीएसटी मात्र सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. सेवाशुल्क काढायला नकार मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. वाढणाऱ्या मुलानं मनापासून सेवा केली असेल, तर बक्षिशी त्याच्या हातात द्यावी.

बाकीची चौकशी घरातूनच, फोनवर करावी. मांस कुठून येतं? सॉसमध्ये किंवा गोड पदार्थात वाइन घालतात का? लिफ्ट थेट वरपर्यंत जाते का? लाउडस्पीकरपासून दूरचं टेबल मिळेल का? जोहरची नमाज अदा करायला जवळ जागा आहे का? स्पष्ट उत्तरं देणाऱ्या हॉटेलात बिनधास्त जावं. जिथं 'असेल' ऐकू येईल, तिथला देखावा कितीही सुंदर असो, दुसरी जागा पाहावी.

आणि निवड करताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा विचार आधी करावा. त्याला काय चावतं, किती वेळ बसवतं, किती ऐकू येतं? वलीम्याची जी दावत श्रीमंतांना बोलावते आणि गरिबांना वगळते, तिच्यातलं जेवण सर्वांत वाईट, असं हदीसमध्ये म्हटलं आहे. ज्या दावतीत बुजुर्ग बसलेले असतात, पण त्यांचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, तीही मला तितकीच अपुरी वाटते. पहिल्या पगाराची दावत साध्या खानावळीत झाली तरी चालेल. नानांची गोष्ट मात्र पूर्ण व्हायला हवी.