बेचाळीस दिवसांची कोंबडी

मांसाहार करावा की करू नये, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेपासून शहरातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या अलिखित नियमांपर्यंत तो आपल्या ओळखीचा आहे. त्यात जात, धर्म, सोवळे-ओवळे इतके मिसळलेले असते की ज्याच्याबद्दल वाद चालतो तो प्राणी बाजूलाच राहतो. मी मांसाहारी घरात वाढले आणि आजही चिकन खाते. तो जुना वाद इथे पुन्हा घालण्याची माझी इच्छा नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे: ताटात येण्याआधी हा प्राणी जगला कसा?

त्यासाठी मी एकच प्राणी निवडला आहे. ब्रॉयलर कोंबडी, गावाकडच्या बोलीत ‘बॉयलर’. भारतातल्या एकूण मांस-उत्पादनात आज जवळपास निम्मा वाटा कोंबडीचा आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले. ही मोजणीही एका वेळेपुरतीच असते. ब्रॉयलरची एक बॅच साधारण सहा आठवड्यांत विकली जाते, शेड धुऊन-वाळवून पुढची बॅच येते. वर्षभरात त्याच शेडमधून पाच-सहा पिढ्या जाऊ शकतात.

गावरान कोंबडी आपल्याला ठाऊक आहे. ती उकिरडा उकरते, धुळीत लोळते, रात्री उंच जागा शोधून बसते, खुडूक होते आणि पिलांसाठी मांजराच्याही अंगावर जाते. ब्रॉयलर तिच्याच कुळातली असली तरी ती माणसाने ठरवून घडवली आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात ‘उद्याची कोंबडी’ या नावाने स्पर्धाच भरली होती. छाती रुंद, वाढ वेगवान आणि खाद्य कमी, असा पक्षी कोण तयार करतो ते पाहण्यासाठी. १९४८ मध्ये तिची राष्ट्रीय अंतिम फेरी झाली. त्यानंतर निवड-पैदाशीचा वेग कधी मंदावला नाही.

तो वेग किती, याचे उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळते. १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतले कोंबड्यांचे वाण संशोधकांनी एकत्र वाढवले. खाद्य तेच, निगा तीच. ५६ व्या दिवशी पहिल्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम भरले, दुसऱ्याचे १,८०८ ग्रॅम आणि तिसऱ्याचे ४,२०२ ग्रॅम. ‘इंजेक्शन देऊन फुगवतात’ अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. इंजेक्शनची गरजच नाही; ही वाढ रक्तातच पेरलेली आहे.

आणि दुःखही तिथेच पेरलेले आहे. मांस झपाट्याने चढते, पण हाडे, सांधे आणि हृदय त्या गतीने तयार होत नाहीत. शेवटच्या दोन आठवड्यांत अनेक पक्षी लंगडतात, बसून राहतात. बसून राहिल्याने ओल्या तुसातल्या अमोनियाने छाती आणि पाय भाजल्यासारखे होतात. पण लंगडणाऱ्या कोंबडीला खरोखर वेदना होतात, हे कशावरून? ती बोलत तर नाही.

याचे उत्तर २००० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबडीकडूनच मिळवले. त्यांनी पक्ष्यांपुढे वेगवेगळ्या रंगांची दोन खाद्ये ठेवली. एक साधे, दुसऱ्यात वेदनाशामक औषध मिसळलेले. धडधाकट पक्ष्यांच्या तुलनेत लंगड्या पक्ष्यांनी औषधाचे खाद्य जास्त खाल्ले, आणि लंगडणे जितके वाईट तितके औषध अधिक घेतले. या विषयावर मी जे काही वाचले त्यातला हा प्रयोग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. ‘प्राण्यांना काय कळते’ हे वाक्य त्यानंतर सहज उच्चारता येत नाही.

ब्रॉयलरच्या आईबापांची कथा आणखी वेगळी. त्यांना सहा आठवडे नव्हे, वर्षभराहून अधिक जगायचे असते, अंडी द्यायची असतात. पण त्यांच्याही अंगात तीच भूक आणि तीच वाढ. पोटभर खाऊ दिले तर ती इतकी जड होतात की अंडी घटतात, मरतूक वाढते. म्हणून त्यांना वाढीच्या वयात मोजून-मापून, भुकेपेक्षा खूपच कमी खाद्य दिले जाते. पिलाला खादाड बनवायचे, तर आईला उपाशी ठेवावे लागते. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. या व्यवसायाचे गणितच तसे आहे.

या लेखाच्या निमित्ताने नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतल्या काही शेडमध्ये मी गेले. मला तिथे क्रूर माणूस भेटला नाही. भेटले ते कर्ज काढून शेड उभारलेले शेतकरी, एप्रिलमध्ये पडद्यांवर पाणी मारणारे, उकाड्याने पक्षी मेले की रात्रभर जागणारे. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर काढते, आणि अंगाने जड पक्षी त्यात सर्वांत आधी हरतो. एकाने मला करारशेती एका वाक्यात समजावली: “ताई, पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, आपलं फक्त शेड आन् लाइट बिल.” त्याचे पैसे किलोवर आणि किती खाद्यात किती वजन भरले यावर ठरतात. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा, असा हिशोब. ती दीड करायची ठरवली तर तोटा एकट्या त्याचा.

इथे आपला कायदा अडखळतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाच्या रेट्यातून आला. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आणि खाण्यासाठी प्राणी मारताना किंवा त्याची तयारी करताना ‘अनावश्यक’ यातना दिल्या नाहीत तर तो गुन्हाच नाही. एका प्राण्यापुढे दुसऱ्याला मारू नये, असे २००१ चे कत्तलखाना नियम सांगतात, पण ते परवानाधारक कत्तलखान्यांपुरते. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाळीतली कोंबडी शेजारणीचे मरण रोजच पाहत असते.

मला खरी अडचण दंडाच्या रकमेपेक्षाही खोल वाटते. हा कायदा चाबूक हातात घेतलेला गाडीवान डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. तो क्रूर हात शोधतो. ब्रॉयलरच्या बाबतीत तो हात सापडतच नाही, कारण यातना शेडमध्ये सुरू होत नाही; ती वाण निवडताना आणि दर ठरवताना आधीच नक्की झालेली असते. शेतकरी, मजूर, ड्रायव्हर, खाटीक यांतल्या प्रत्येकाने आपले काम चोख केले तरी ती उरतेच.

म्हणून उपायही तिथेच शोधावा लागेल. युरोपीय संघाने २००७ च्या निर्देशात शेडमधल्या गर्दीला किलोंच्या हिशोबात मर्यादा घातली. नेदरलँड्समधली सुपरमार्केटे ताज्या चिकनसाठी सावकाश वाढणाऱ्या वाणांकडे वळली. आपल्याकडे बंगळूरूची गिरिराजा आणि हैदराबादची वनराजा हे परसात फिरणारे, बेताने वाढणारे वाण सरकारी संशोधनातूनच आले आहेत आणि महाराष्ट्रातल्या अनेक अंगणांत ते नांदतात. भारतीय विधी आयोगाने २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल खास अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्यावर व वाहतुकीवर दिला. म्हणजे ज्ञान आपल्यापाशी आहे.

आक्षेपही खरा आहे. सावकाश वाढणारी कोंबडी जास्त दिवस खाते, म्हणून महाग पडते. आणि स्वस्त चिकन हे आज कष्टकरी घरांतले हक्काचे प्रथिन आहे. त्यांच्या ताटातून ते काढून घेण्याचा अधिकार मला नाही. पण या स्वस्ताईचा काही भाग कोंबडीच्या सांध्यांनी आणि काही भाग शेडवाल्याच्या कर्जाने फेडला आहे, हे दडवण्याचाही अधिकार नाही. ज्यांना परवडते त्यांनी आधी जास्त मोजावे, आणि शेतकऱ्याचा दर केवळ वजनावर न ठरता चालू शकणाऱ्या, धडधाकट पक्ष्यांवरही ठरावा, एवढी सुरुवात शक्य आहे. दुकानात आपण ‘ताजं आहे ना?’ आणि ‘किलोला कसं?’ एवढेच विचारतो. ‘हिला चालता येत होतं का?’ हा तिसरा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, तर त्याचे उत्तर कधीतरी पिल्लू पुरवणाऱ्यांनाही द्यावे लागेल.