सागरद्वाराचा स्थपती

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राकडे तोंड करून एक भव्य कमान उभी आहे. तिला ‘गेटवे ऑफ इंडिया’, म्हणजे भारताचे प्रवेशद्वार, असे नाव आहे. ती पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु तिचा आराखडा करणारे स्थपती जॉर्ज विटेट यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील ब्लेअर अथोल या गावी झाला. मायदेशी वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते १९०४ साली मुंबईस आले. प्रथम ते मुंबई इलाख्याचे वास्तुविशारद जॉन बेग यांचे साहाय्यक होते. पुढे त्यांच्याच जागी विटेट यांची नेमणूक झाली.

त्यापूर्वी बांधलेल्या मुंबईतील अनेक थोर इमारती युरोपातील गॉथिक पद्धतीच्या होत्या. बोरीबंदरचे रेल्वेस्थानक हे तिचे ठळक उदाहरण होय. विटेट यांनी मात्र वेगळी वाट धरली. या देशातील जुन्या वास्तू कशा बांधल्या आहेत, याचा त्यांनी अभ्यास केला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी इमारत त्यांचीच. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर आहे, आणि तिला लागलेला दगड कुर्ला व मालाड येथील आहे. शिकविण्याचा अधिकार घेऊन आलेला हा परदेशी मनुष्य येथील अनाम गवंड्यांचा व पाथरवटांचा विद्यार्थी झाला, हे त्यांचे मोठेपण.

गेटवेची कथा तर मोठी बोधप्रद आहे. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या आगमनाचे स्मारक म्हणून ३१ मार्च १९११ रोजी तिची कोनशिला बसविण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राजेसाहेब बंदरावर उतरले, तेव्हा तेथे केवळ तात्पुरती उभारणी होती! विटेट यांच्या आराखड्यास १९१४ साली मंजुरी मिळाली. मग समुद्रात भर घालून जागा तयार करावी लागली. कमानीची घडण त्यांनी सोळाव्या शतकातील गुजराती वास्तूंवरून घेतली. मधल्या घुमटाची उंची ८३ फूट ठेवली आणि बाजूंना दगडी जाळ्या बसविल्या. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पैशाअभावी कमानीसमोरचा नियोजित सरळ रस्ता मात्र झाला नाही. म्हणून आजही ती रस्त्याशी तिरपी दिसते.

दोनच वर्षांनी, १९२६ साली, विटेट मुंबईतच निवर्तले. आपल्या कमानीचे भाग्य कसे पालटणार, हे पाहण्यास ते उरले नाहीत. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची अखेरची पलटण याच कमानीखालून जाऊन जहाजावर चढली. जे द्वार राजाच्या स्वागतासाठी बांधले, त्याच द्वाराने त्याचे सैन्य परत गेले!

राज्य गेले, कमान राहिली. ती पाडावी असे कोणास वाटले नाही. कारण तिच्या घडणीत परकेपणा नव्हता. १९६१ पासून शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा तिच्यासमोर उभा आहे. वास्तू कोणाच्या आज्ञेने बांधली हे काळ विसरतो. ती कोणत्या मातीशी नाते जोडते, हे मात्र लोक विसरत नाहीत.