कोणता डोळा, कोणती पापणी

पापणीतली तेलग्रंथी तुंबून न दुखणारी गाठ आली की तिला कॅलॅझिऑन म्हणतात. ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत अमेरिकेतल्या कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात या निदानाला एकच कोड होता, ३७३.२. डोळा उजवा की डावा, पापणी वरची की खालची, हे तो कोड विचारत नसे. दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागला. उजव्या डोळ्याची वरची पापणी एच००.११, खालची एच००.१२, डाव्याची वरची एच००.१४, खालची एच००.१५. मधला १३ म्हणजे डोळा उजवा, पण पापणी कुठली ते लिहिलेलं नाही. १६ हा तसाच डाव्याचा. आणि १९ म्हणजे डोळासुद्धा लिहिलेला नाही. एका गाठीचे सात कोड.

मी न्यू जर्सीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बिलिंग करते. डॉक्टर तपासतात, चार्टमध्ये लिहितात. त्यातलं निदान वाचून त्याला कोड लावायचा, केलेल्या कामाला दुसऱ्या पुस्तकातला कोड लावायचा आणि क्लेम विमा कंपनीला पाठवायचा. या दोन पुस्तकांचं आपसात किती जमतं, याचा नमुना ही पापणीच. गाठ काढल्याच्या कोडला पापणी दाखवणारा मॉडिफायर जोडावा लागतो, आणि ते मॉडिफायर डावीकडून सुरू होतात: ई१ डावी वरची, ई२ डावी खालची, ई३ उजवी वरची, ई४ उजवी खालची. निदानाची मोजणी मात्र उजवीकडून. म्हणजे उजव्या वरच्या पापणीच्या क्लेमवर निदानात शेवटचा आकडा १ आणि मॉडिफायरमध्ये ३, आणि दोन्ही बरोबर. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात. तर्काने त्या सापडत नाहीत.

नवी पद्धत नवी म्हणायची ती फक्त अमेरिकेपुरती. जागतिक आरोग्य परिषदेने आयसीडीच्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यांसाठी ती १९९९ पासून वापरात होती. जिवंत माणसाच्या आजाराला मात्र १९७९ पासूनची नववीच आवृत्ती चालू राहिली, कारण तिच्यावर बिलं अवलंबून होती आणि बिलांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. आधी ठरलं २०१३ चा ऑक्टोबर, मग २०१४ चा. मग २०१४ च्या एप्रिलमध्ये, मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या डॉक्टरांच्या मोबदल्यासंबंधीच्या कायद्यात एक वाक्य घालून तारीख आणखी वर्षभर पुढे गेली. तोवर देशभरातल्या दवाखान्यांनी पैसे भरून माणसं शिकवून ठेवली होती. न वापरलेलं शिक्षण वर्षभर टिकत नाही. ते पुन्हा विकत घ्यावं लागलं. या दिरंगाईत डॉक्टरांची सोय पाहिली गेली असं सांगतात. माझ्या मते प्रशिक्षण विकणाऱ्यांची जास्त झाली.

आमच्याकडची सगळ्यात जुनी बिलर अमेरिकन. नववी आवृत्ती तिच्या जिभेवर होती. ती मोतीबिंदू म्हणत नसे, ‘तीन सहासष्ट सोळा’ म्हणायची. काचबिंदू ‘तीन पासष्ट अकरा’. डॉक्टरसुद्धा तिच्याशी आकड्यांतच बोलत. निदान आणि कोड समोरासमोर छापलेला एक कागद, त्याला सुपरबिल म्हणतात, त्यावर डॉक्टरने खूण करायची आणि हिने न बघता टंकायचं. जुन्या पुस्तकात सुमारे १४ हजार कोड होते, नव्यात ६९ हजारांच्या आसपास. पण या आकड्यांनी घाबरवणं ही वेबिनारवाल्यांची युक्ती. डोळ्यांचा दवाखाना त्यातलं एक प्रकरण वापरतो, सातवं, एच०० ते एच५९. शिवाय मधुमेहाचं थोडं, जखमांचं थोडं आणि झेडपासून सुरू होणारे काही. जुन्या पुस्तकात डोळा मज्जासंस्थेच्या प्रकरणात पोटभाडेकरू होता. नव्यात त्याला स्वतःचं प्रकरण मिळालं.

शिकायची रीत अशी की जुने चार्ट काढायचे आणि तेच निदान दोन्ही पद्धतींनी लिहून पाहायचं. पुस्तकाचे दोन भाग असतात, अकारविल्हे सूची आणि कोडांची क्रमवार यादी. पहिला नियम, सूचीतून कोड उचलून थेट क्लेमवर टाकायचा नाही. यादीत जाऊन त्याच्या खालच्या-वरच्या सूचना वाचायच्या. तिथे ‘एक्स्क्लूड्स १’ लिहिलेलं असेल तर ती दोन निदानं एकत्र द्यायची नाहीत. ‘एक्स्क्लूड्स २’ असेल तर दुसरा आजारही असल्यास दोन्ही द्यायची. नावं इतकी सारखी की बैठकीत प्रत्येक जण दोनदा विचारतो. पहिलं अक्षर नेहमी रोमन लिपीतलं, म्हणून तिथे ओ असेल तर ते अक्षर आणि पुढे असेल ते शून्य. आयुष्यभर अंकांच्या कळांवर उजवा हात ठेवून काम केलेल्या बाईला हे अक्षर सगळ्यात जास्त खुपलं. आणि मग एक्स. बुबुळात कण गेला, उजव्या डोळ्यात, तर टी१५.०१एक्सए. यातला एक्स काहीच सांगत नाही. सातव्या जागी ए यायला हवा, सहावी जागा रिकामी आहे, म्हणून तिथे एक्स बसवायचा. ए म्हणजे उपचार चालू आहेत, डी म्हणजे नंतरची देखरेख, एस म्हणजे मागे राहिलेला परिणाम. “काही न सांगण्यासाठीसुद्धा अक्षर लागतं का?” असं तिने विचारलं. लागतं. ते गाळलं तर क्लेम परत येतो.

खरी अडचण पुस्तकाची नव्हतीच. ती चार्टची होती. मधुमेहाने पडदा बिघडलेल्या माणसाचा जुना क्लेम तीन कोडांचा असे: २५०.५० हा मधुमेहाचा, ३६२.०४ हा पडद्याच्या सौम्य बिघाडाचा आणि मध्यबिंदूला सूज असली तर ३६२.०७. नव्यात हे तिन्ही एकाच कोडात आलं, ई११.३२१. डावीकडून वाचत जायचं: ई११ दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, ३ डोळ्यांवर परिणाम, २ सौम्य आणि नव्या रक्तवाहिन्या न फुटलेला, १ सूज आहे. सूज नसेल तर शेवटी ९. वाचायला मला हा कोड आवडतो. त्यात आजाराची हकीकत क्रमाने येते. पण ती हकीकत चार्टमध्ये असायला हवी. आमच्या एका डॉक्टरांची सवय जुन्या वळणाची, ते नुसतं ‘बॅकग्राउंड’ लिहीत. जुन्या पद्धतीत त्या शब्दाला कोड होता. नव्यात सौम्य, मध्यम की तीव्र हे हवं, सूज आहे की नाही हे हवं. मी चार्ट घेऊन गेले.

“डॉक्टर, मध्यम लिहू का?”

“फोटोत दिसतंय ना.”

“फोटो मला वाचता येत नाही. आला तरी त्यावरून मला लिहिता येत नाही.”

हे त्यांना नवं होतं. कोडरने चित्रावरून निदान करायचं नसतं. डॉक्टरने शब्दांत लिहिलं तेवढंच निदान. त्यांनी पडद्याचं रेखाचित्र काढलेलं असे, लाल ठिपके अगदी जागच्या जागी, सूज असेल तिथे बाक दिलेला. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं, नोंदवलंही होतं, फक्त वाक्यात नव्हतं. पुढचे कित्येक आठवडे आमचं काम कोड शोधण्याचं कमी आणि डॉक्टरांकडून दोन जास्तीचे शब्द मिळवण्याचं जास्त होतं. डाव्या-उजव्याचा प्रश्न तुलनेने सोपा, कारण डोळ्यांचे डॉक्टर ओडी, ओएस, ओयू ही लॅटिन आद्याक्षरं आधीपासून लिहितातच: उजवा, डावा, दोन्ही. त्वचेच्या किंवा सांध्यांच्या दवाखान्यांपेक्षा आम्ही या बाबतीत पुढे होतो.

तरी मोतीबिंदूत गोची होतीच. मध्यभागी पिकलेला मोतीबिंदू उजवीकडे एच२५.११, डावीकडे एच२५.१२, दोन्हीकडे एच२५.१३. पहिल्या भेटीत दोन्ही डोळ्यांत असतो, म्हणून १३ लागतो. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होते. डाव्याच्या वेळी संगणक मागच्या भेटीची नोंद तशीच पुढे ओढतो आणि क्लेमवर पुन्हा १३ येतो. म्हणजे ज्या डोळ्यातून मोतीबिंदू काढला, पैसेही मिळाले, त्यात तो अजून आहे असं आपणच कळवतो. आता डाव्यासाठी १२ हवा आणि उजव्यात कृत्रिम भिंग बसवल्याचा झेड९६.१. गंमत म्हणजे हे भिंग कुठल्या डोळ्यात आहे, ते झेड९६.१ सांगतच नाही.

उजवं-डावं मागण्याबद्दल माझी तक्रार नाही. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि कागदावर कुठला ते नाही, हीच परिस्थिती विचित्र होती. पण एवढा आग्रह धरणारं पुस्तक काचबिंदूपाशी येऊन गप्प बसलं. सगळ्यात जास्त आढळणारा काचबिंदू, ज्यात डोळ्यातला निचऱ्याचा कोन उघडा असतो, त्याचा २०१५ चा कोड एच४०.११एक्स१, एच४०.११एक्स२ असा होता. शेवटचा अंक टप्पा सांगतो. १ सौम्य: नस बिघडलेली दिसते, पण नजरेच्या क्षेत्राच्या नेहमीच्या चाचणीत अजून काही उतरत नाही. २ मध्यम: क्षेत्राच्या वरच्या किंवा खालच्या एकाच अर्ध्यात खोट, तीही केंद्रापासून पाच अंशांच्या बाहेर. ३ तीव्र: दोन्ही अर्ध्यांत खोट, किंवा पाच अंशांच्या आत शिरलेली. इतकी काटेकोर वाटणी, आणि कुठला डोळा ते लिहायला जागा नाही! सहाव्या जागी बसला होता तो रिकामा एक्स. नेहमीच्या दाबातही होणाऱ्या काचबिंदूला उजवं-डावं होतं, या थोरल्याला नव्हतं. एखाद्याचा एक डोळा सौम्य आणि दुसरा तीव्र असेल, आणि काचबिंदूत हे नेहमीचं, तर नियमाप्रमाणे दोन कोड द्यायचे, १ चा आणि ३ चा. विमा कंपनीला एवढंच कळायचं की या माणसाचा एक डोळा जवळजवळ गेला आहे. कुठला, ते नाही. मधुमेहाच्या पडद्याचं आणि वयाने झिजणाऱ्या मध्यबिंदूचंही तेच. रांजणवाडीला चार पापण्या वेगळ्या, आणि नजर नेणारे तीन मोठे आजार बिनबाजूचे.

टप्प्याच्या अंकांत आणखी दोन आहेत आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांनी. ० म्हणजे टप्पा नोंदवलेला नाही. ४ म्हणजे टप्पा ठरवता येत नाही. पैशाच्या दृष्टीने आमच्याकडे बहुधा फरक पडत नसे. पण पहिल्यात डॉक्टरने लिहायचं राहिलं आहे आणि दुसऱ्यात त्याने विचार करून आत्ता सांगता येत नाही असं म्हटलं आहे. म्हातारा रुग्ण चाचणीत बटण दाबता दाबता डुलकी घेतो, आलेख निरुपयोगी येतो, तेव्हा ४ हेच प्रामाणिक उत्तर. संशयाचंही असंच आहे. बाह्यरुग्ण विभागात ‘असावा’, ‘शंका आहे’ अशा निदानाला कोड लावायचा नाही, लक्षणाला लावायचा. पण काचबिंदूचा संशय हेच एक स्वतंत्र निदान आहे, त्याला एच४०.० ची अख्खी शाखा आहे. माणसाला आजार नाही, तरी वर्षानुवर्षं तपासत राहायचं आहे; हे सांगायला त्याहून नेमकं काही मिळणार नाही.

बदकाचा विनोद तेव्हा सगळीकडे फिरत होता. बदक आदळून झालेल्या इजेला खरोखर कोड आहे, डब्ल्यू६१.६२एक्सए, विमानाच्या इंजिनात ओढलं गेल्यालाही आहे. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले. हे बाह्य कारणांचे कोड आम्हाला द्यावे लागत नव्हते, हे कुणी छापलं नाही. मला आवडला तो झेड६३.१, सासरच्यांशी न पटणं. सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, त्याला औषध काय लिहितात?” तिच्या स्वतःच्या मोतीबिंदूच्या कागदावर दोन ओळी होत्या आणि खाली सही.

१ ऑक्टोबर गुरुवारी आला. सल्लागारांनी सांगून ठेवलं होतं की काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, पैसे अडकतील. तसं घडलं नाही. मेडिकेअरने त्या महिन्याचे आकडे जाहीर केले, त्यात चुकीच्या नव्या कोडमुळे परत आलेले क्लेम ०.०९ टक्के होते. आम्हाला जाच झाला तो दोन पद्धती एकाच वेळी चालवण्याचा. कोड कुठला, हे क्लेम कधी पाठवला त्यावर नाही, रुग्ण कधी तपासला त्यावर ठरतं. सप्टेंबरच्या शेवटी उजवा मोतीबिंदू काढला, ऑक्टोबरात डावा. एकाच माणसाचा उजवा डोळा ३६६.१६ आणि डावा एच२५.१२, आणि हे दोन एका फॉर्मवर चालत नाहीत. फॉर्मवर एकविसाव्या चौकटीत पद्धत सांगणारा एक अंक असतो, जुनीसाठी ९, नवीसाठी ०. सप्टेंबरचे नाकारलेले क्लेम दुरुस्त करून पाठवताना तो ९ परत टाकावा लागे. हे काम सगळं जुन्या बिलरकडे गेलं. त्या दिवसांत ती खुशीत असायची.

मेडिकेअरने पहिल्या वर्षापुरती सूट दिली होती: कोड खरा आणि योग्य कुळातला असेल, तर पुरेसा नेमका नाही एवढ्याच कारणासाठी डॉक्टरांचा क्लेम नाकारणार नाही. खाजगी कंपन्यांना हे बंधन नव्हतं. सुटीचा परिणाम व्हायचा तो झाला. ‘बॅकग्राउंड’वाले डॉक्टर परत मोघम कोडांकडे वळले आणि माझे चार्ट परत जाणं बंद झालं. मग १ ऑक्टोबर २०१६ ला सूट संपली आणि त्याच दिवशी नवी यादी लागू झाली. काचबिंदूतला तो एक्स गेला. त्याच्या जागी १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. पडद्याच्या दोन्ही आजारांनाही बाजू मिळाल्या, ई११.३२१ ला सातवा अंक लागला. सौम्य-तीव्र जोडीच्या रुग्णांचे चार्ट आम्ही आधी काढले, कारण वर्षभर त्यांच्या क्लेमवर कुठला डोळा ते लिहिताच आलं नव्हतं, आणि डॉक्टर कुठलंही कारण न विचारता एकेका नावापुढे ओडी-ओएस सांगत गेले.