पेंढ्यावर बस धावेल, पण पेंढा आणायचा कोणी?

दिवाळीच्या आगेमागे दिल्लीच्या आकाशावर जो करडा पडदा चढतो, त्यात मोटारी आणि कारखान्यांच्या जोडीला हरियाणा-पंजाबच्या शेतांत जळणाऱ्या भाताच्या पेंढ्याचाही वाटा असतो. तिकडे त्याला ‘पराली’ म्हणतात. पेंढ्याची उडवी रचून तो गुरांसाठी जपून ठेवणारा कोकणातला शेतकरी हे ऐकून कपाळाला हात लावील! पण तिकडची कापणी यंत्राने होते. यंत्र दाणे घेते आणि पेंढा रानातच टाकते. भूजल वाचावे म्हणून २००९ साली या दोन्ही राज्यांनी कायदा करून भाताची लावणी जूनच्या मध्यापर्यंत पुढे नेली. साहजिकच कापणीही लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती उरले जेमतेम दोन-तीन आठवडे. मग काडेपेटीच सर्वांत स्वस्त पडते.

गंमत अशी, की या धुरात जाणाऱ्या काडीकचऱ्यात उत्तम इंधन दडलेले आहे. चुलीला वारा कमी पडला की जळण धुमसते. त्या धुरात न जळलेले वायू असतात आणि फुंकर घालताच ते भडकतात. गॅसिफायर नावाची बंद भट्टी हेच काम बेताने करते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने भट्टीत हवेऐवजी ऑक्सिजन आणि वाफ सोडली. एक किलो जैवभारात मुळात ६० ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन असतो, त्यांना मिळाला १०० ग्रॅम! वरचा हायड्रोजन वाफेतल्या पाण्याने दिला. या कामाचा व्याप वाढवण्यात इंडियन ऑइलही सहभागी आहे.

याच इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र दिल्लीच्या वेशीवर, फरिदाबादला आहे. २५ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत हायड्रोजनवरच्या बसगाड्यांना हिरवा झेंडा दाखवण्यात आला. बसमधल्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते. मागच्या नळीतून धुराऐवजी निघते ती पाण्याची वाफ. मात्र या बससाठी योजलेला हायड्रोजन सौरविजेने पाणी फोडून काढलेला. पेंढ्याची पाळी अजून यायची आहे. तीस किलो हायड्रोजनवर बस सुमारे ३५० किलोमीटर जाते. एकरी दोन टन पेंढा धरला, तर कागदावरच्या हिशेबाने एका एकराच्या पेंढ्यावर ती दिल्लीहून मुंबई गाठून परतीची निम्मीअधिक वाटही चालून जाईल.

कागद आणि रान यांत मात्र अंतर आहे. भाताच्या पेंढ्यात वाळूतलीच सिलिका असते, शिवाय पोटॅश. भट्टीच्या तापात ही राख मऊ होऊन तिचे खडे धरतात आणि भट्टी चोंदते. लाकडाचा हा त्रास कमी. त्याहून मोठी अडचण गाडीभाड्याची. पेंढा हलका, जागा फार अडवणारा. ट्रक भरतो, पण वजन भरत नाही!

पानिपतला हा अनुभव गाठीशी आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर उभारलेला, पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा इंडियन ऑइलचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याची वर्षाची भूक सुमारे दोन लाख टन. ती भागवायची तर गठ्ठे बांधणारी बेलर यंत्रे त्या दोन-तीन आठवड्यांतच शेतोशेती पोहोचायला हवीत आणि गंजी वर्षभर पाऊस-आगीपासून सांभाळायला हव्यात. औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशात मिसळायला पेंढ्याच्या कांड्या हव्याच आहेत. हायड्रोजनची भट्टी उद्या आली, तरी तिला याच रांगेत उभे राहून शेतकऱ्याला बांधावर रोख भाव द्यावा लागेल, आणि तोही गव्हाची पेरणी सुरू होण्याआधी.