चाड्यावरची मूठ आणि पीएच.डी.चा प्रबंध

हिमायतनगर परिसरात तिफणीची पेरणी आपण पाहिली असेलच. एक जण बैल हाकतो, दुसरा चाड्यावर मूठ धरून बी सोडतो. कामे वाटल्यामुळे रान लवकर पेरून होते. पण बैलांची चाल आणि मुठीचा वेग जुळला नाही, तर कुठे बी दाट पडते, तर कुठे तास रिकामे राहते. संशोधक विद्यार्थ्यांच्या गटाचेही असेच असते.

उदाहरण जवळचेच घेऊ. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप होतात, तेव्हा अशा लहरी निघतात. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या प्रथम टिपल्या. तेव्हा ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान होता!

इतका क्षीण संकेत गोंगाटातून ओळखायचा कसा? आधी लहरीचा अपेक्षित आकार गणिताने काढायचा; मग तो नमुना नोंदींवर सरकवत कोठे जुळतो ते पाहायचे. पहिल्या कामात बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांचा, तर दुसऱ्यात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. दोन्ही कामे अनेक वर्षांची. एकाच विद्यार्थ्याने चार-पाच वर्षांत दोन्ही करायचे म्हटले, तर एकही पुरे होणार नाही. म्हणून विशेषीकरण हवेच.

मग काम जितके वाटावे तितके चांगले का? तसे नाही. ५ विद्यार्थ्यांत १० जोड्या होतात, १० विद्यार्थ्यांत ४५. माणसे दुप्पट, पण एकमेकांना समजावून सांगण्याचे प्रसंग साडेचारपट! हे समजावणे टाळले, तर नमुन्यातली चूक शोध घेणाऱ्याला कळत नाही आणि खरा संकेतही हातून निसटतो.

आणखी एक गोष्ट. गटातून केवळ शोधनिबंध बाहेर पडत नाहीत, संशोधकही घडतात. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत आम्हांला असे विद्यार्थी भेटतात, जे आपल्या आलेखावर भरभरून बोलतात. पण ‘हे आकडे उपकरणातून आले कसे?’ असे विचारले की गप्प होतात. दोष त्यांचा एकट्याचा नाही. निबंधांची संख्या वाढावी म्हणून आम्ही मार्गदर्शकच त्यांना एका खुंटीला बांधून ठेवतो. सुरुवातीचे काही महिने शेजाऱ्याच्या कामात घालवू दिले, तर त्या वर्षी निबंध कमी निघतील. पण पुढे चुका लवकर सापडतील, आणि गट सुटल्यावर तो विद्यार्थी स्वतःच्या पायांवर उभा राहील.

शाळेतील प्रकल्पातही हे करून पाहता येईल. एकाने मोजावे, दुसऱ्याने नोंदवावे, तिसऱ्याने आलेख काढावा. शेवटी मात्र प्रत्येकाला स्वतःचे नव्हे, तर शेजाऱ्याचे काम समजावून सांगायला लावावे. कोणते तास रिकामे राहिले, ते लगेच दिसेल.